दगडावरचे एकोणीस

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

मृतांचा दिवस. सकाळी आठला आईला रिक्षात घालून दफनभूमीत. पप्पांच्या कबरीवर झेंडू, दोन मेणबत्त्या. वारा फार, पेटेनात. आईनं रिक्षावाल्याकडून लायटर मागून घेतला आणि आडोसा करून पेटवल्या. सत्त्याण्णव वर्षं झाली, हात थरथरत नाही तिचा. माझा थरथरतो.

दगड दोघांचा आहे. सत्याऐंशी साली पप्पा गेले तेव्हा आईनं हट्टानं स्वतःचंही नाव कोरून घेतलं होतं. तेव्हा ती एकोणसाठची. वर पप्पांचं नाव, जन्म, मृत्यू. खाली तिचं नाव, १९२८, एक आडवी रेघ, आणि पुढे १९. शेवटचे दोन आकडे तेवढे मोकळे. ही बाई दोन हजार साल ओलांडेल असं पाथरवटाला, फादरना, आम्हाला, तिला स्वतःला, कुणालाच वाटलं नव्हतं. ते १९ खोटं पडूनही पाव शतक झालं. दर वर्षी आम्ही दोघी त्याच्यासमोर उभ्या राहतो आणि त्याबद्दल बोलत नाही.

"माझ्या बाजूला पण ठेव थोडी फुलं," आई म्हणाली. "मेल्यावर कोण आणतंय."

ठेवली.

शेजारच्या कबरीवर आलेल्या एका नव्या सुनेनं कौतुकानं विचारलं, "आजी, कुणाच्या कबरीवर आलात?"

"माझ्या," आई म्हणाली.



परत निघताना रिक्षात चढायला उजव्या गुडघ्यानं साफ नकार दिला. आई आधीच आत बसलेली. "बेबी, आटप गं, ऊन चढलं."

चौऱ्याहत्तर वर्षांची बेबी.

५ नोव्हेंबर

सिस्टर लिलींचा फोन. खोली क्रमांक सात रिकामी झाली आहे. कशी रिकामी झाली ते मी विचारलं नाही.

नगर जिल्ह्यातल्या कर्जतच्या बाजूला, माळावर, सिस्टर चालवतात ते म्हाताऱ्यांचं घर आहे. आश्रम हा शब्द मला चालत नाही, मी 'माळ' म्हणते. तिथं मी अकरा वर्षांपूर्वी नाव घातलं होतं. आईला न्यूमोनिया झाला होता, डॉक्टर म्हणाले, तयारी ठेवा. मी तयारी ठेवली. पप्पांच्या कबरीभोवतीचं गवत काढून घेतलं, आईला शेवटी नेसवायची पांढरी साडी इस्त्री करून आणली, आणि माझ्या पुढच्या आयुष्यासाठी माळावर अर्ज भरला. आठव्या दिवशी आई उठून बसली आणि म्हणाली, सुकटीची चटणी कर.

माळाचा नियम एकच. पंचाहत्तर पूर्ण व्हायच्या आत यायचं, आणि दारापुढच्या अकरा पायऱ्या स्वतःच्या पायांनी चढून यायचं. पुढे अंथरुणाला खिळलात तर शेवटपर्यंत बघतात. पण आत येताना चालत.

मला पंचाहत्तर ९ फेब्रुवारीला. सिस्टर म्हणाल्या, ३१ जानेवारी, संध्याकाळी सहापर्यंत. मग खोली पुढच्या नावाला.

"आणि तुमच्या आई आता..." सिस्टर जरा थांबल्या. आवाजात सांत्वनाची तयारी होती.

"बऱ्या आहेत," मी म्हटलं. "आत्ता भाकरी खातायत."

९ नोव्हेंबर, रविवार

पुण्याला अशोकला फोन. माझा धाकटा आणि एकुलता एक भाऊ. सगळं सांगितलं. आईला एकटी ठेवता येत नाही हे त्याला माहीत आहे. दोनदा न्हाणीत पडली, गॅस उघडा टाकते, रात्री उठते. बाकी तब्येत ठणठणीत.

"ताई, मीच सत्तर वर्षांचा आहे गं. माझ्या हृदयात दोन स्टेंट आहेत."

"आणि मी किती वर्षांची आहे?"

तो म्हणाला, "एकाहत्तर?"

मी फोन ठेवला. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहे, आणि गणितात पहिला यायचा.

१० नोव्हेंबर

आईला अजून चष्म्याशिवाय पेपर वाचता येतो. फक्त निधनाचं पान वाचते. आज: "हा बघ, एकोणसत्तर. पोरगंच होतं." मग चहा मागितला.

१४ नोव्हेंबर

शकीला सकाळी दोन तास येते, आईला अंघोळ घालते, झाडून काढते. बावन्न-त्रेपन्नची असेल. आज तिला विचारलं, मी गेले तर दिवसभर राहशील का.

"ताई, राहिले असते वो. पन आमच्या घरात तर लाइन लागलीय. माझी सासू हाय, सासूची सासू बी हाय. मोठी म्हातारी उठल्यापासून माझ्या सासूला बोल लावती, पानी दे, पाय चेप. माझी सासू पंच्याहत्तरची, ती अजून सूनच हाय! मग मी सासू कवा हुनार? माझ्या सुनेनं मला इचारलं बी, अम्मी, तुमी नेमकं कोन हाय घरात?"

दोघी हसलो. आई आतून ओरडली, "काय झालं गं? मला पण सांगा."

नंतर भांडी विसळताना शकीला हळूच म्हणाली, "पर जायाचं आसंल तर जावा ताई. तुमचं तोंड उतरलंय लई."

माझं तोंड गेल्या कित्येक वर्षांत कुणी बघितलं नव्हतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

चर्चमध्ये मिस्साला आईला नेलं. फादर नवीन आहेत, पस्तिशीचेही नसतील. प्रवचनात म्हणाले, दीर्घायुष्य हा देवाचा आशीर्वाद आहे, आणि आईकडे हात केला. सगळं चर्च वळून बघायला लागलं. मार्चमध्ये अठ्ठ्याण्णवावा वाढदिवस, धर्मग्राम, म्हणजे आमच्या चर्चची मंडळी, सत्कार करणार. शाल, श्रीफळ, फोटो.

बाहेर बायकांचा घोळका. "किती भाग्यवान हो तुम्ही, या वयात आईची सावली आहे."

मी म्हटलं, "आहे ना. चौऱ्याहत्तर वर्षं झाली, ऊनच लागलं नाही मला."

त्यांना ते छान वाटलं.

छत्तीस वर्षांची होते पप्पा गेले तेव्हा. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सुपरवायझर. कॉन्व्हेंटच्या इंग्लिशवर अख्ख्या नगरचे ट्रंक कॉल जोडत होते. तिथला एक जण विचारत होता. मी म्हटलं, आई आहे तोवर नको. 'तोवर' म्हणजे किती, हे त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. चार वर्षं थांबला. मग त्याचं लग्न झालं, मुलं झाली, निवृत्त झाला, वारला. त्याचा नातूसुद्धा नोकरीला लागला असं कळलं. मी अजून 'तोवर'मध्ये आहे.

२४ नोव्हें.

घराच्या मागच्या जिन्याला नऊ पायऱ्या. रोज दोनदा चढते. सातवीपर्यंत ठीक. आठवीला कठडा.

आईनं विचारलं, "गच्चीवर काय आहे?"

"काही नाही."

"मग जाते कशाला?"

३० नोव्हें., रविवार

आज कठड्याशिवाय. नऊच्या नऊ. अकरा जमतील.

७ डिसेंबर, रविवार

अशोक आला, नितीनला घेऊन. नितीन त्याचा मुलगा, सुप्याला कंपनीत आहे, तिथंच दोन खोल्यांत भाड्यानं राहतो. चव्वेचाळीस वर्षांचा, केस माझ्यापेक्षा पांढरे.

बैठक बसली. अशोकचं म्हणणं असं:
आईलाही माळावर ने. (नियम सांगितला. पंचाहत्तरच्या आत. ती तिथं बसेल अशी वेळ बावीस वर्षांपूर्वी गेली.)
पूर्ण वेळ बाई ठेव. (तीन ठेवल्या होत्या. आईनं तिघीही घालवल्या. एकीला म्हणाली, तू माझ्या मरणावर टपलीयस.)
मग तूच थोडं थांब ना, ताई. आता कितीसं राहिलंय.

"हे तू मला दोन हजार चारमध्ये म्हणाला होतास," मी म्हटलं.

"मी तुझ्या भल्यासाठीच..."

"माझं भलं पुण्यात बसून करू नकोस. इथं येऊन कर. सकाळी पाच वाजता. लघवीचं भांडं घेऊन."

आई आतल्या खोलीत झोपली आहे असं आम्ही धरून चाललो होतो. आतून आवाज आला. "अशोक, जेवून जा रे. आणि मला कुठं ठेवायचं ते ठरलं की मलाही कळवा."

सगळे जेवले. आईनं दोन वेळा रस्सा घेतला.

जाताना नितीन मागे नळावर हात धूत होता. मी टॉवेल घेऊन गेले. माझ्याकडे न बघता म्हणाला, "आत्या, घर आजीच्या नावावर. तिच्यानंतर बाबा. मग मी. माझी पोरगी दहावीला आहे, तिला अभ्यासाला कोपरा नाही. मी पण वाट बघून बघून म्हातारा झालो. आणि कशाची वाट बघतोय ते तोंडानं बोलता येत नाही."

या वर्षात आमच्या घरात बोललं गेलेलं हे एकमेव खरं वाक्य.

शाळेत सिस्टर म्हणायच्या, डायरीत खोटं लिहू नका, तिथं तुम्हाला पकडायला कुणी नसतं. म्हणून लिहिते. मीही तीच वाट बघतेय.

८ डिसें.

कालचं वाचलं. खोडलं नाही.

१६ डिसेंबर

दुपारी दारात एक माणूस. बबन पाथरवट. मी बोलावलं नव्हतं. आईनं शकीलाच्या मोबाईलवरून बोलावून घेतलेला.

आई खुर्चीत ताठ. "ते एकोणीस काढून वीस करायचं. किती दिवस लागतील?"

बबन डोकं खाजवत म्हणाला, "आजी, कोरल्यालं भरता येत न्हाई. मसाला भरला तर पावसात निघून जाईल. त्यो निस्ता आकडा न्हाई जायचा, अख्खी ओळ घासाय लागंल. तुमचं नाव बी जाईल त्यात."

"मग परत कोर."

"कोरतो की. पर मंग आता किती कोरू? वीस आन पुढं?"

आईनं त्याच्याकडे असं बघितलं की तो उठून उभा राहिला.

"माझ्याच बापानं कोरल्यालं हाय त्ये," तो मला म्हणाला. "मी हुतो सोबत, पानी मारायला. बापानं इचारलं हुतं, बाई, आकडा मोकळा सोडू का सगळा? तर याच म्हनल्या, कोर रे, मी काय दोन हजारापत्तोर बसतीय व्हय?"

"म्हटलं असेन," आई म्हणाली. "तेव्हा मला काय ठाऊक. विचार करून सांगते. जा आता."

तो गेल्यावर मी विचारलं, हे आत्ताच का सुचलं?

"तू चाललीस ना? नंतर कोण बघणार? अशोक? त्याला माझी जन्मतारीख माहीत नाही."

मग बऱ्याच वेळानं: "शहराचं नाव बदललं, स्टँडवरच्या पाट्या बदलल्या. माझे दोन आकडे बदलायला एवढं काय अवघड आहे?"

'तू चाललीस ना.' म्हणजे तिनं ठरवून टाकलं आहे की मी जाणार. मी अजून ठरवलेलं नाही.

२५ डिसेंबर

नाताळ. अशोक सहकुटुंब. केक भावजयीनं आणला, करंज्या मी केल्या, आईनं पाच खाल्ल्या. अशोक वाइनच्या दोन घोटांनंतर हळवा झाला. म्हणाला, "ताई, तू जा. फेब्रुवारीपासून आई माझ्याकडे. आधी एक महिना बघू." सगळ्यांसमोर म्हणाला. नितीननं ऐकलं, भावजयीनं ऐकलं. भावजयीचा चेहरा मी बघायला नको होता.

आई म्हणाली, "मी पार्सल आहे का, महिना बघायला?"

पण नाही म्हणाली नाही.

मी सिस्टर लिलींना लगेच निरोप पाठवला. येते.

३ जानेवारी २०२६

अशोकचा फोन. त्याची सासू त्यांच्याकडे राहायला आली आहे. अठ्ठ्याऐंशी वर्षांची, मांडीचं हाड मोडलेलं. खोल्या दोनच. तिसरा मजला, लिफ्ट बंद. "ताई, तू समजून घे."

मी म्हटलं, मी चौऱ्याहत्तर वर्षं समजून घेतेय. एक दिवस तू समजून घे.

फोन आपटला. मग स्वयंपाकघरात जाऊन डाळीला फोडणी दिली. मोहरी जळाली.

४ जाने.

मागच्या जिन्यावर गेले नाही.

५ जाने.

गेले.

१२ जानेवारी, सोमवार

सिस्टर म्हणाल्या होत्या, ठरत नसलं तरी येऊन खोली बघून जा. सकाळच्या एसटीनं निघाले. आईपाशी शकीला, दुपारपर्यंत.

खोली सात. लहान आहे. खिडकीत पेरूचं झाड, पलीकडे नुसता माळ. एक पलंग, एक खुर्ची, एक कपाट, एक खुंटी. सगळं एकेक. मी दार आतून लावून घेतलं आणि पाचेक मिनिटं बसले. कुणी हाक मारली नाही. शेवटी मलाच चुकल्यासारखं झालं, म्हणून उठले.

ऑफिसात अर्ज नव्यानं भरायचा. जवळचे नातेवाईक: मुलगा, मुलगी, सून, जावई, इतर. मी इतरमध्ये आईचं नाव लिहिलं. नातं: आई. वय: ९७. क्लार्कनं वाचलं आणि नम्रपणे म्हणाला, "मॅडम, इथं हयात नातेवाइकाचं लिहायचंय."

"हयातच आहेत."

"म्हणजे... निकडीच्या वेळी आम्ही कुणाला फोन करायचा?"

"त्यांनाच करा. ऐकायला चांगलं येतं."

तो बिचारा सिस्टरना विचारायला गेला.

त्याआधी, आत येतानाच, अकरा पायऱ्या चढले. सिस्टर खाली उभ्या राहून बघत होत्या. आठव्या पायरीला गुडघ्यातून कळ गेली ती थेट दातांत. मी हसत राहिले. कॉन्व्हेंटमध्ये तासभर गुडघ्यावर बसवायच्या, रडलं तर अजून एक तास. ते शिक्षण आज उपयोगी पडलं. वर पोचल्यावर सिस्टर म्हणाल्या, "छान. तुम्ही अगदी फिट आहात."

परतीच्या गाडीत शेजारच्या बाईनं विचारलं, कुठून आलात. म्हटलं, माझ्या घरून. कुठं चाललात? म्हटलं, आईच्या.

घरी आले तर आई नेहमीपेक्षा गप्प. शकीलाही गप्प. काही तरी शिजलंय.

१३ जाने.

शकीलाला खोदून विचारलं. "काय न्हाई ताई. आजीनं फोन लावाय सांगितला, मी लावून दिला." कुणाला? "मला काय वाचता येतंय का नाव?" तिला येतं.

२२ जानेवारी

अशोकला चार दिवस फोन. रोज सकाळी सातला, तो चहा घेत असताना. आज तिकडून नितीन बोलला. तो पुण्याला गेलेला होता, बापाशी भांडायला. "आत्या, एक महिना तरी नेतील. मी सांगितलंय, नाहीतर मी आजीला सुप्याला नेतो, दोन खोल्यांत. मग बघू लोक काय म्हणतात ते." मागून अशोकचा आवाज, "हो हो, येतो म्हणून सांग."

३१ तारीख, सकाळी नऊ, अशोक स्वतः येऊन आईला नेणार. मला माळावर न्यायला अकराची गाडी सांगितली.

आईला सांगितलं. ती मटार सोलत होती. म्हणाली, "जा. पण एक सांगून ठेवते. मी मरणार नाही. तुझ्या सोयीसाठी तर मुळीच नाही."

"मी मर म्हटलं का?"

"म्हणायला लागतं का?"

एक दाणा उडून पलंगाखाली गेला. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहिलो. वाकून उचलणं दोघींनाही जमण्यासारखं नव्हतं.

२८ जानेवारी, बुधवार

बबन पाथरवटाचा फोन. "ताई, काम झालं. बघून घ्या."

एकटीच गेले. मला वाटलं होतं, १९ जाऊन २० आलं असेल, पुढे मोकळं. तसं नाही. खालची अख्खी ओळ गेलीय. नाव नाही, १९२८ नाही, रेघ नाही. पप्पांच्या नावाखाली दगड गुळगुळीत, पाण्यासारखा. हात फिरवला, बोटाला काही लागलं नाही.

मी बबनवर ओरडले. हे काय केलंस?

"आजीनंच सांगितलं फोनवर. म्हनल्या, नाव काढ पुरं. मी म्हनलं, मंग नवं कवा कोरायचं? तर म्हनल्या, आता कोरू नगो. आधी कोन येतंय त्ये बघू, मंग त्याचं कोर."

उन्हात तिथंच कठड्यावर बसले. किती वेळ ते माहीत नाही.

घरी आले, विचारलं. आई म्हणाली, "मग काय? तुझं लग्न नाही, मुलं नाहीत. तू त्याच जागेत येणार ना? का कर्जतच्या माळावर पुरून घेणार?"

"आई, तू सत्त्याण्णव वर्षांची आहेस."

"आहेच. मीच आधी जाणार असं धरून एकदा कोरलं, चुकलं. पुन्हा चुकायचं नाही." मग आवाज खाली आणून, "रात्री तू गुडघ्यावरून कण्हतेस ते मला ऐकू येतं बेबी. मी जागीच असते. मला तुझ्याआधी जायचंय गं. पण जमेना झालंय."

मला काही तरी तिखट बोलायचं होतं. सुचलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

मग तीच म्हणाली, "चहा टाक."

२९ जाने.

बॅग भरली. चार साड्या, स्वेटर, रोझरी, गुडघ्याचा पट्टा, ही वही. अकरा वर्षं मनात भरत होते, प्रत्यक्षात वीस मिनिटं लागली.

आईचीही भरली. तिच्या बॅगेत ती पांढरी साडी ठेवायची का? घडीवर विरली आहे, उचलली तर हातात दोन तुकडे. परत कपाटात.

३० जाने.

शकीला आईचे पाय दाबून उठली, माझ्यापाशी आली, म्हणाली, "ताई, उद्या मी लवकर येते. म्हातारी रडंल." मी म्हटलं, ती रडत नाही. "तुमी रडाल मग. कुनी तरी पायजे ना."

३१ जानेवारी, शनिवार

नऊ वाजता आई तयार. केस विंचरून, चपला घालून, दारातल्या खुर्चीत. तिची बॅग उजवीकडे, माझी डावीकडे. शकीला उंबऱ्यावर.

साडेनऊ. अशोक नाही.

दहा. फोन केला. "निघालोय ताई, सुप्यापाशी आहे."

पावणेअकरा. "सुप्यापाशीच. जरा छातीत जड वाटतंय म्हणून थांबलोय. नितीनला बोलावलंय. तू काळजी करू नको." मी विचारलं, खरंच जड वाटतंय का? सत्तर वर्षांच्या माणसाच्या छातीत काय खरं आणि काय खोटं, हे त्यालाही कळत नसेल. मलाही कळलं नाही. रागवायचं की घाबरायचं, तेही नाही.

अकरा. माझी गाडी आली.

साडेअकरा. नितीनचा फोन. "आत्या, बाबांना डॉक्टरकडे दाखवतोय. तुम्ही निघा. मी येतो आजीला न्यायला. दोन तास. नाहीतर तीन." मी म्हटलं, आधी बापाकडे बघ. "दोन्हीकडे बघतो, आत्या."

माळ इथून दोन तासांवर. सहापर्यंत. म्हणजे चारच्या आत निघायला हवं. शकीला म्हणते, नितीनदादा येईपर्यंत मी बसते. तिच्या मोबाईलवर तिच्या सासूचे तीन मिस्ड कॉल.

आता एक वाजलाय. आईच्या खुर्चीशेजारच्या टेबलाशी बसून लिहितेय. वही पुन्हा बॅगेत टाकायची की टेबलावरच ठेवायची, ते बघू. आईनं भाकरी मागितली नाही. सकाळपासून काहीच मागितलं नाही.

ड्रायव्हर पन्नाशीचा, शांत माणूस, दोन तास झाडाखाली उभा होता. आत्ता दारात आला. खुर्चीतल्या आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, दोन्ही बॅगांकडे बघितलं. अदबीनं विचारलं, "यातल्या कोणत्या आजीला न्यायचंय?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "आजी मी. ही माझी बेबी आहे." आणि माझी बॅग पायानं त्याच्याकडे सरकवली.

मग हात पुढे करून तिनं माझा पदर धरला. अजून धरलेला आहे.